जंबो करताय? आधी नाकात वजन भरा

लहानपणी मुंबईच्या सहार विमानतळावर पाहिलेल्या एअर इंडियाच्या जंबो जेटचं, म्हणजे बोइंग ७४७चं, प्लास्टिक मॉडेल करायचं म्हणताय, तर १:१४४ मापाचं किट घ्या. सुमारे ४९ सेंमी लांबी, ४१ सेंमी पंख. कपाटाची खोली आधी मोजा, नाहीतर बायको मोजेल.

धडाचे दोन अर्धे चिकटवण्याआधी नाकात वजन भरायचंच. गळाला लावतात ते शिशाचे गोळे इपॉक्सीने पक्के बसवा. मी पहिल्या वेळी विसरलो. रंग, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) सगळं झालं, टेबलावर ठेवलं आणि विमान हळूच शेपटीवर बसलं. आजही त्याच्या शेपटीखाली काडेपेटी आहे.

धडाचा वरचा सांधा हा खरा वैरी. पुट्टी भरा, ४०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासा, करडा प्रायमर मारा. रेघ दिसली तर पुन्हा घासा. चकचकीत पांढऱ्याखाली काहीही लपत नाही. पांढरा पातळ हातांनी द्या, तीन-चार वेळा, आणि पावसाळ्यात लॅकर फवारू नका, दमट हवेत वर दुधी साय येते.

खिडक्यांभोवतीचे ते लाल झरोके म्हणजे सगळी मजा. तो डेकल घाईत लावू नका. खाली ग्लॉस वार्निश हवंच, नाहीतर फिल्मखाली हवा अडकून चंदेरी चट्टे पडतात. लांब पट्टी अखंड सरकवण्यापेक्षा दारांपाशी कापून तुकड्यातुकड्याने बसवा. कोमट पाणी, मऊ ब्रश आणि त्या दिवशी पंखा बंद.