वायदा: वचन की मुदत?

प्रश्न असा आहे: ‘वायदे बाजार’, ‘सोयाबीनचे वायदे’ यांतला वायदा म्हणजे हिंदीतला ‘वादा’च का? आणि त्याला सरळ सट्टा म्हटलं तर काय बिघडतं?

मूळ एकच. अरबी शब्द, अर्थ वचन. मराठीत मात्र त्याला तारीख चिकटली. ‘दिवाळीला पैसे देण्याचा वायदा केला’ यात वचन आहे आणि मुदतही. एखादा ‘नुसते वायदे करतो’ अशी तक्रार होते ती तारखा टळत जातात म्हणूनच. बाजाराने शब्द उचलला तो या मुदतीसाठी. व्यापारी ‘ऑगस्टचा वायदा चढला’ म्हणतो तेव्हा भाव आज ठरवून ऑगस्टात पुरा होणारा सौदा त्याच्या मनात असतो. याच्या समोरचा शब्द ‘हजर’: माल आज, भाव आजचा.

मुदत कुठून येते याचं फार सुंदर उदाहरण लंडनच्या धातू बाजारात आहे. लंडन मेटल एक्सचेंज 1877 सालचं. तिथला ठरलेला वायदा तीन महिन्यांचा, कारण चिलीचं तांबं आणि मलायाचं कथील जहाजाने यायला साधारण तेवढाच वेळ लागे. माल समुद्रात असतानाच त्याचा भाव बांधला जाई. आज जहाजं कितीतरी वेगाने येतात, तरी तीन महिन्यांचा भाव हाच तिथला मुख्य भाव आहे.

आणि मुदत किती कडक असते ते 20 एप्रिल 2020 ला दिसलं. अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा दुसऱ्या दिवशी संपणार होता. संपताना तो ज्याच्या हाती असेल त्याला तेल घ्यावंच लागतं. त्याची डिलिव्हरी ओक्लाहोमातल्या कुशिंगला, आणि टाळेबंदीमुळे तेल ठेवायला तिथे टाक्या मिळेनात. ज्यांना तेल नकोच होतं ते वायदा विकून मोकळं व्हायला धावले. भाव शून्याखाली गेला आणि बॅरलला उणे 37.63 डॉलरवर थांबला. मुंबईच्या एमसीएक्स या वायदे बाजारात त्या दिवशी व्यवहार संध्याकाळी पाचलाच बंद झाले होते. शेवटचा भाव 965 रुपयांच्या आसपास होता, पण सौदे मिटवायचे होते अमेरिकी भावाने: उणे 2,884 रुपये. ज्यांनी खरेदी करून ठेवली होती त्यांना पाचनंतर बाहेर पडायला वाटच नव्हती. इथे ‘पुढच्या आठवड्यात बघू’ चालत नाही.

आता सट्टा. वायद्यावर सट्टा खेळता येतो, खेळतातही. म्हणून दोन्ही शब्द एक होत नाहीत. ज्या गिरणीला जानेवारीत कापूस लागणार आहे ती आजच भाव बांधून घेते, तेव्हा ती जोखीम टाळत असते. मुंबईत बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन 1875 साली उभी राहिली ती कापसाच्या अशाच व्यवहारासाठी. डिसेंबर 2021 मध्ये बाजार नियामक सेबीने सोयाबीन, हरभरा यांच्यासह सात जिनसांचे वायदे थांबवले. ‘सट्टा बंद झाला’ एवढंच म्हटलं की काम संपलं असं वाटतं. ‘वायदे बंद झाले’ म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: काढणीनंतरचा भाव पेरणीच्या वेळी कुठे बघायचा? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, आणि म्हणून बातमीत या दोन शब्दांची अदलाबदल खटकते.

एक खरी अडचण उरते. निर्यातदार बँकेशी डॉलरचा पुढचा भाव ठरवतो तोही वायदा, आणि एनएसई या शेअर बाजारात 2008 पासून होणारा हजार-हजार डॉलरचा सौदा तोही वायदाच. पहिल्यात रक्कम आणि तारीख दोघांच्या सोयीची. दुसऱ्यात दोन्ही एक्सचेंजने ठरवलेल्या, आणि नफातोटा रोजच्या रोज खात्यात. हा फरक दाखवायचा असेल तर पहिल्याला बाजारातले लोक म्हणतात तसं ‘फॉरवर्ड’ म्हणावं आणि ‘वायदा’ दुसऱ्यासाठी राखावा. ‘फ्यूचर्स’चं शब्दशः भाषांतर ‘भविष्य करार’ मात्र नको. तो शब्द बाजारात कुणाच्या तोंडी नाही.