तीन वर्षं कुठल्या तारखेपासून मोजायची?

प्रश्न: मी टाइल्स आणि प्लंबिंगसकट बाथरूमची कामं सामानासह घेतो. एका घरातल्या दोन बाथरूमचं काम तोंडी ठरलं. ६ जानेवारीपासून सामान टाकलं, १२ मार्चला काम संपलं. येत्या मार्चमध्ये त्याला तीन वर्षं होतील. शेवटचे २० हजार त्याच वर्षी जूनमध्ये यूपीआयने आले. १ लाख ४० हजार अजून बाकी आहेत. ग्राहक म्हणतात, खालच्या मजल्यावर ओल येते. बघायला गेलो तर दारातूनच परत पाठवतात. चौदा महिन्यांपूर्वी ‘आधी गळती काढा, मग उरलेले देतो’ असा मेसेज आला होता. पोलिसांत तक्रार करू की ग्राहक मंचात जाऊ? जूनपर्यंत मुदत आहे ना?

उत्तर: जून विसरा. तुमच्या प्रकरणात बाकी सगळ्यावर वाद घालता येईल, पण कोर्टात दावा लावायची मुदत एकदा गेली की न्यायाधीशांना तुमचं काम आवडलं तरी पैसे देता येणार नाहीत. कारागिरांचे असे प्रश्न सतत येतात आणि बहुतेकांनी तुमच्यासारखीच शेवटच्या हप्त्यापासून मुदत मोजलेली असते.

मुदत कायदा, १९६३ च्या शेवटच्या अनुसूचीतला अनुच्छेद १८ बघा. पैसे कधी द्यायचे ते ठरलेलं नसेल, तर केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी तीन वर्षं काम झाल्याच्या दिवसापासून मोजली जातात. ग्राहकाने शेवटचं कधी ‘देतो’ म्हटलं किंवा तुम्ही शेवटचा फोन कधी केला, याला तिथे जागा नाही. म्हणजे वरवर पाहता १२ मार्च.

पण तुम्ही सामानही पुरवलंय. विकून पोहोचवलेल्या मालाच्या किमतीसाठी अनुच्छेद १४ आहे आणि त्यात तीन वर्षं माल पोहोचवल्याच्या तारखेपासून धावतात. तुमच्या हिशोबाच्या कागदावर टाइल्स, पाइप, डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा नळ) यांची रक्कम वेगळी आणि मजुरी वेगळी लिहिली असेल, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल की सामानाची मुदत जानेवारीतच संपली. काम एकसंध होतं असं उत्तर आपल्याकडे आहे, आणि ते कदाचित टिकेलही. पण त्या ‘कदाचित’वर १ लाख ४० हजार कशाला ठेवायचे? दावा ६ जानेवारीच्या आत दाखल झाला पाहिजे. आज डिसेंबरचा पहिला आठवडा आहे.

आता जूनचे २० हजार. हप्ता मिळाल्यावर मुदत नव्याने सुरू होते हे खरं आहे (त्याच मुदत कायद्याचं कलम १९), पण त्या हप्त्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीनिशी असावी लागते. चेकने आला असता तर चेकवर सही असते. यूपीआयच्या नोंदीत हस्ताक्षर कुठलं आणि सही कुठली, यावर तासभर युक्तिवाद होईल आणि निकाल कसाही लागू शकेल. तो मुद्दा दाव्यात जरूर लिहायचा, पण मुदत त्यावर मोजायची नाही.

चौदा महिन्यांपूर्वीचा मेसेज जास्त मोलाचा आहे आणि तुम्ही तो उगाच ग्राहकाच्या बाजूचा समजताय. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी देणं कबूल केलं, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात (त्याच कायद्याचं कलम १८; वरचा अनुच्छेद १८ वेगळा). त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की कबुलीसोबत पैसे द्यायला नकार असला, वेळ झाली नाही असं म्हटलं असलं किंवा स्वतःची वजावट मागितली असली, तरी ती कबुलीच. ‘गळती काढा, मग उरलेले देतो’ यात उरलेले आहेत हे मान्य झालं. कच्चा दुवा पुन्हा सहीचाच. मेसेजला सही मानायचं का, हे न्यायालयावर आणि पुराव्यावर अवलंबून राहील.

म्हणून या आठवड्यात एक साधा कागद घेऊन जा. ठरलेली रक्कम, मिळालेले हप्ते तारखांसह, बाकी १ लाख ४० हजार, आणि खाली एक ओळ: ‘हिशोब मान्य. गळतीबाबत माझी तक्रार कायम आहे.’ दुसरं वाक्य मुद्दाम ठेवा. तक्रार सोडावी लागत नाही म्हटल्यावर अडून बसलेला माणूसही कधीकधी सही करतो. सहीखाली तारीख त्यांच्याच हाताची हवी. सही मिळाली तर श्वास घ्यायला तीन वर्षं मिळाली. नाही मिळाली तर दुसऱ्या दिवशी वकिलाकडे.

वकिलाची नोटीस मुदत थांबवत नाही. हे ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावावं असं वाटतं, इतके लोक ‘नोटीस दिलीय’ म्हणून निवांत बसतात. नोटीस सात दिवसांची द्या आणि त्यात व्याज मागा. लेखी करार नसताना व्याज कायदा, १९७८ प्रमाणे व्याजाची मागणी नोटिशीत असणं उपयोगी पडतं. आठव्या दिवशी दावा दाखल. कोर्टातल्या तारखा किती लांबतील ते माझ्या हातात नाही आणि त्याचा मलाही वैताग आहे, पण मुदतीपुरतं मोजतात ते दावा सादर केल्याचा दिवस.

गळतीचं काय? नोटिशीतच लेखी द्या की अमुक दोन तारखांना मी तपासायला येतो, तुमच्या ओळखीचा प्लंबर हजर ठेवा. करार कायद्याचं कलम ६७ सांगतं की काम करायला लागणारी संधी समोरच्याने दिली नाही, तर त्यामुळे राहिलेल्या कामाचा दोष करणाऱ्यावर येत नाही. कायद्यातलं उदाहरणच घर दुरुस्तीचं आहे: कुठे दुरुस्ती हवी ते मालक दाखवत नाही. तुम्ही आजवर दारातून परत आलात, पण एकदाही लिहिलं नाहीत. तिथे चूक झाली.

आत घेतलं, तर नुसतं बघून येऊ नका. कोणी आंघोळ केलेली नसतानाही ओल तशीच राहत असेल, तर आधी दाबाच्या लाइनवर, म्हणजे नळांना पाणी आणणाऱ्या पाइपवर, संशय घ्या. लाइनला पंप लावून गेजचा (दाब दाखवणाऱ्या मीटरचा) काटा उतरतो का ते बघा. आंघोळीनंतरच वाढत असेल, तर नहाणी ट्रॅपचं (फरशीतलं पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याचं) तोंड बंद करून इंचभर पाणी ४८ तास साठवा. पातळी पेन्सिलने आखा आणि सुरुवातीचा व शेवटचा फोटो घ्या. साठवलेलं असतानाच खाली ओल आली तर वॉटरप्रूफिंग, आणि बूच काढून पाणी सोडल्यावरच आली तर ट्रॅप किंवा ड्रेनचा सांधा. दोष तुमचा निघाला तर खर्चाचा आकडा लिहून द्या आणि तेवढा वजा करा. १ लाख ४० हजारांच्या हट्टापेक्षा १ लाख १५ हजारांचा स्वच्छ दावा मला जास्त आवडेल.

पोलिस हा दिवाणी वाद म्हणून परत पाठवतील. ग्राहक आयोग (तुम्ही म्हणता तो ग्राहक मंच) सेवा घेणाऱ्यासाठी आहे; तिथे ग्राहक तुमच्याविरुद्ध जाऊ शकतो, आणि दाव्याचं समन्स मिळताच बहुधा जाईलही. तक्रारीची प्रत हातात पडली की लेखी उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केलंय. तो लिफाफा दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पडू देऊ नका.

बसवलेला डायव्हर्टर किंवा नळ काढून आणायचा विचार मनात असेल तर सोडा. बसवलेली वस्तू आता त्यांची आहे. चोरीची फिर्याद तुमच्यावर होईल आणि ती मात्र पोलिस लगेच घेतील.

आणि तो मेसेज ज्या फोनवर आहे तो विकू नका, फॉरमॅट करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्या नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागेल, ज्याचा एक भाग तुम्ही आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. नुसत्या स्क्रीनशॉटचे झेरॉक्स घेऊन वकिलाकडे जाऊ नका, फोन सोबत न्या.