असिस्टंट क्लार्क होणार आहेस ना, मग हे वाच

अगं बाळा,

तुझ्या क्वेकर मीटिंगने, म्हणजे तुमच्या प्रार्थना-मंडळाने, तुला असिस्टंट क्लार्क, म्हणजे सभा चालवून निर्णय लिहिणाऱ्या क्लार्कची मदतनीस, नेमलं हे वाचून इतका आनंद झाला म्हणून सांगू! आईला क्वेकर म्हणजे कोण ते कळत नसेल तर शांत बसून प्रार्थना करणारा ख्रिस्ती पंथ म्हण, आणि आर्किटेक्ट लॉरी बेकरांचं नाव सांग, नाहीतर सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम शिक्षणाचं काम केलेल्या मार्जरी साइक्स, त्याही क्वेकरच. आता तू विचारलंयस की तयारी काय करू. पुस्तकं तिथले लोक देतीलच, मी इंग्लंडमधल्या या मीटिंगांत बरीच वर्षं बसतेय, ट्रस्टी पण होते, त्यातून जे मनापासून वाटतं ते लिहितेय.

सगळ्यात आधी मिनिट, म्हणजे सभेतल्या निर्णयाची लेखी नोंद. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी घरी जाऊन सावकाश मिनिट्स लिहितो आणि पुढच्या सभेत कोणी न वाचताच ती मंजूर होतात. इथे तसं चालत नाही. विषयावर बोलून होत आलं की क्लार्क तिथेच लिहायला घेतात, बाकी सगळे शांत बसून असतात, मग मिनिट वाचून दाखवतात, कोणी म्हणतं हा शब्द जरा जड झाला, तो बदलतात, परत वाचतात, आणि मान्य आहे का विचारलं की लोक 'होप सो' म्हणतात. मग ते मिनिट झालं, घरी गेल्यावर त्याला कोणी हात लावायचा नाही, क्लार्कनेसुद्धा नाही. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणायला जागाच राहत नाही. तू आधीपासून काय करू शकतेस तर विषयाची माहिती, तारीख, आकडे, कोणाचं पत्र आलंय वगैरे भाग घरून लिहून आण. पण निर्णयाची ओळ कोरी ठेव. ती लिहून आणलीस ना की मग तू ऐकत नाहीस, लोकांना तुझ्या ओळीकडे ढकलत राहतेस, आणि हे खोलीतल्या सगळ्यांना जाणवतं.

मतदान नसतं हे तुला माहितीच आहे. त्यामुळे मनातल्या मनात पण डोकी मोजू नकोस. एकाचं बोलून झालं की थोडी शांतता जाऊ दे, लगेच पुढच्याला हाक नको, लोक घाईने एकमेकांना उत्तरं द्यायला लागले तर जरा थांबूया म्हणायचा क्लार्कला पूर्ण हक्क आहे. क्लार्क स्वतःचं मत मांडत नाहीत, आणि अगदीच राहवलं नाही तर त्या विषयापुरतं टेबल असिस्टंटकडे देऊन खाली सगळ्यांबरोबर बसतात, म्हणजे तेव्हा तूच क्लार्क, तर प्रत्येक विषयाचे कागद तू पण वाचलेले हवेत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण आपले लोक शांततेचं कौतुक करताना ती विसरतात. सगळ्यांचं जुळेपर्यंत थांबणं चांगलं, पण थांबण्याच्या नावाखाली टाळणं पण होतं. १६८८ साली पेन्सिल्वेनियात जर्मनटाउनच्या काही लोकांनी गुलामगिरी चूक आहे असं लिहून दिलं, तो कागद एका मीटिंगकडून वरच्या मीटिंगकडे गेला आणि तिथे बाजूला ठेवला गेला. फिलाडेल्फिया यर्ली मीटिंगने, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या मीटिंगांच्या वार्षिक सभेने, गुलाम ठेवणाऱ्या सभासदांना बाहेर काढायचं ठरवलं ते १७७६ मध्ये, म्हणजे ८८ वर्षांनी, आणि तेवढ्या काळात माणसं विकली जात होती. मधे जॉन वूलमनसारखे लोक घरोघरी जाऊन चिकाटीने बोलत राहिले म्हणून ते झालं. उलट ब्रिटनमध्ये २००९ ला यॉर्कच्या यर्ली मीटिंगमध्ये समलिंगी जोडप्यांची लग्नं आपल्यात करायची हे ठरलं, तेव्हा देशाचा कायदा बदललेला पण नव्हता. तर एखादा विषय पुढे ढकलायचा असेल तर कशासाठी, तोवर कोण काय करणार आणि परत कधी घेणार, हे मिनिटात आलंच पाहिजे. आणि एकाच माणसाच्या नाराजीवर सगळं अडलं असं समजू नकोस, त्याचं नीट ऐकायचं, पण तो व्हेटो नाही.

आता पैशाचं. तुझी लोकल मीटिंग बहुतेक स्वतंत्र चॅरिटी नसेल, आसपासच्या लोकल मीटिंगांची मिळून असलेली एरिया मीटिंग असेल आणि ट्रस्टी तिचे. उत्पन्न एक लाख पाउंडांच्या आत असेल तर चॅरिटी कमिशनकडे, म्हणजे आपल्या धर्मादाय आयुक्तांसारख्या खात्याकडे, रजिस्ट्रेशनची सूट मिळते, पण म्हणून ट्रस्टींची जबाबदारी कमी होत नाही, हा गैरसमज मी खूप ठिकाणी ऐकलाय. हिशोब ठेवावेच लागतात. एखाद्या आजींनी मृत्युपत्रात छतासाठी म्हणून पैसे ठेवले असतील तर ते छतालाच, हीटिंगचं बिल कितीही मोठं येवो. पेमेंटला दोन माणसांची मंजुरी हवी, आणि ती दोघं नवरा-बायको नकोत. मीटिंग हाउसचं काम कोणा सभासदाच्या भावाला द्यायचं असेल तर त्या सभासदाने आधी सांगायचं, त्या विषयाला बाहेर बसायचं, आणि हे मिनिटात लिहायचं. गिफ्ट एड या देणग्यांवरच्या कराच्या योजनेत देणगीच्या प्रत्येक पाउंडामागे २५ पेन्स सरकारकडून मिळतात, पण देणगीदाराचं डिक्लरेशन जपून ठेवलेलं असेल तरच.

आणि एकच माणूस पंधरा-पंधरा वर्षं ट्रेझरर राहणं मला अजिबात पटत नाही, तो कितीही सज्जन असो. इथे साधारण तीन वर्षांची नेमणूक असते, ती पाळायला कामांसाठी नावं सुचवणाऱ्या नॉमिनेशन्स कमिटीच्या मागे लाग. विश्वास आहे म्हणून तपासत नाही असं कोणी म्हटलं तर शांतपणे सांग की तपासल्याने त्या माणसाचंही रक्षण होतं, उद्या कोणी बोट दाखवलं तर त्याच्याकडे कागद असतो.

कागद एक आठवडा आधी सगळ्यांना पोचव, अजेंड्यात मोठा विषय एकच ठेव, तोही दमलेल्या लोकांपुढे शेवटी नको. पहिल्या मीटिंगचा अजेंडा झाला की मला पाठव, आपण फोनवर एकदा बघू. रविवारी दुपारी मी घरीच असते.

तुझी,
काकू