रिक्षा वाटल्या, पुढे काय?

प्रश्न: आमच्या नाशिकरोडच्या संस्थेने ग्रांटमधून बायकांना १२ ई-रिक्षा दिल्या, आता फंडवाले इम्पॅक्ट विचारतायत, रिक्षांचा आकडा दिला तर चालेल ना?

उत्तर: नाही हो ताई, ते नुसतं वाटप झालं, इम्पॅक्ट म्हणजे त्यातून खरंच काय बदललं ते. दर महिन्याला प्रत्येकीच्या मीटरचे किलोमीटर आणि चार्जिंगचे युनिट वहीत लिहा, कारण तेवढ्या किलोमीटरला पेट्रोलची रिक्षा किती पेट्रोल प्यायली असती ते त्यावरून काढता येतं; लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो पण आपली वीजही बरीचशी कोळशाची, युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास, तो वजा केल्याशिवाय कार्बनची बचत सांगूच नका. आणि ग्रांट नसती तरी तिने कर्ज काढून रिक्षा घेतलीच असती का, हे प्रत्येकीला विचारा, खरी गोम तिथेच आहे, कारण घेतलीच असती तर ती बचत तुमच्या ग्रांटची नाही. बॅटरी बसली म्हणून नाशिकच्या द्वारका चौकात धूळ खात उभी असलेली रिक्षाही रिपोर्टात आलीच पाहिजे.