वाचक विचारतात : सत्य गुन्हेकथांपैकी काय वाचावे?

प्रश्न : अनेक वर्षे रहस्यकथा वाचल्यानंतर आता प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्यांविषयी वाचावेसे वाटते. तपास कसा होतो आणि खटला कसा उभा राहतो, यात मला रस आहे. रक्तपाताची वर्णने मात्र नकोत. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतील पुस्तके चालतील. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली आवड पाहता बाची करकरिया यांचे ‘इन हॉट ब्लड’ (२०१७) प्रथम हाती घ्यावे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्यावर मुंबईतील त्याच्या राहत्या घरी गोळ्या झाडल्या, हे आपल्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे ‘कोणी मारले’ हा रहस्यकथेतला नेहमीचा प्रश्न येथे उरतच नाही आणि सारा भर हेतूवर येतो. रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचे आहे, अशी सबब सांगून नानावटींनी जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली होती. गोळ्या झटापटीत सुटल्या, असे बचाव पक्षाचे म्हणणे होते; पण झटापट झाली असेल, तर नुकत्याच न्हाऊन आलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी कसा राहिला, या सवालाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांनी तो कौल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तेथे जन्मठेपेची शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हे शेवटचे निकालपत्र इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध असून ते पुस्तकाच्या जोडीने अवश्य वाचावे. न्यायालयीन भाषेची एकदा सवय झाली की ते बऱ्याच कादंबऱ्यांपेक्षा अधिक गुंतवून ठेवते.

निव्वळ तपासाच्या दृष्टीने केट समरस्केल यांचे ‘द सस्पिशन्स ऑफ मिस्टर व्हिचर’ (२००८) मला अधिक आवडते. १८६० च्या जून महिन्याअखेर इंग्लंडमधील रोड हिल हाउस या प्रतिष्ठित कुटुंबाच्या घरात एका लहान मुलाचा खून झाला आणि स्कॉटलंड यार्डहून आलेल्या व्हिचर यांची सारी अटकळ धुण्याच्या कपड्यांत नोंदलेल्या, पण पुढे बेपत्ता झालेल्या एका नाइटगाउनभोवती फिरू लागली. मुलाची सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिच्यावर त्यांनी संशय घेतला. परंतु तो नाइटगाउन सापडेना, आणि सामान्य घरातून आलेल्या पोलिसाने खानदानी घरातील मुलीवर आळ घ्यावा हे समाजालाही रुचले नाही. व्हिचर यांची नाचक्की झाली. १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने स्वतःच गुन्ह्याची कबुली दिली.

रक्तपात नको म्हणता, तर हॅली रूबेनहोल्ड यांचे ‘द फाइव्ह’ (२०१९) आपल्याला विशेष जवळचे वाटेल, कारण जॅक द रिपरने मारलेल्या पाच स्त्रियांची आयुष्ये सांगताना लेखिकेने खुनाची वर्णने जवळजवळ गाळलीच आहेत.

भारतीय प्रकरणांवरील पुस्तक विकत घेताना त्याचे प्रकाशनवर्ष आणि खटल्याची तेव्हाची स्थिती हे दोन्ही ताडून पाहावे. हुसेन झैदी यांचे ‘ब्लॅक फ्रायडे’ २००२ मध्ये आले, तर १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्याचे निकाल विशेष न्यायालयाने २००६ पासून द्यायला सुरुवात केली. म्हणजे तपास समजून घेण्यासाठी ते उत्तम, पण अंतिम दोषनिश्चिती त्यात शोधू नये. उलट अविरूक सेन यांनी ‘आरुषी’ (२०१५) मध्ये कनिष्ठ न्यायालयाच्या निकालातील कच्चे दुवे दाखवले आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरुषी तलवारच्या खुनाबद्दल दोषी ठरवल्या गेलेल्या तिच्या आईवडिलांची सुटका केली.

मराठीत जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील एक गुन्हेगार मुनव्वर शाह याचे ‘येस, आय ॲम गिल्टी’ हे आत्मकथन बरेच गाजले. पुण्यातील १९७६-७७ च्या त्या दहा खुनांबद्दल त्याला व त्याच्या तीन साथीदारांना १९८३ मध्ये येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. गुन्हेगार स्वतः सांगतो तेव्हा त्याची वाक्ये पकड घेतात यात शंका नाही, पण मारले गेलेल्यांची बाजू तेथे मांडणारे कोणी नसते, म्हणून हे पुस्तक मी आपल्या यादीत सर्वांत शेवटी ठेवीन.

प्रश्न : ट्रूमन कपोटी यांचे ‘इन कोल्ड ब्लड’ नुकतेच वाचले. त्यातील संवाद इतके तपशीलवार आहेत की सर्व काही खरे असेल का, अशी शंका येते. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : शंका रास्त आहे. नोव्हेंबर १९५९ मध्ये कॅन्सस राज्यातील हॉल्कम येथे एकाच कुटुंबातील चौघांचा खून झाला, दोघांना १९६५ मध्ये फाशी झाली, हा सांगाडा निर्विवाद आहे आणि कपोटी यांनी हार्पर ली यांना सोबत घेऊन तेथे दीर्घकाळ मुलाखती घेतल्या, हेही खरे. मात्र मुलाखत चालू असताना ते टिपणे घेत नसत आणि पुढे स्मरणाने लिहीत, त्यामुळे शब्दशः वाटणारे संवाद तसे नाहीत. पुस्तकाच्या अखेरीस तपास अधिकारी आणि मृत मुलीची मैत्रीण दफनभूमीत भेटतात, तो प्रसंग तर घडलाच नव्हता. कपोटी यांची शैली मला आजही अजोड वाटते, पण या खटल्याविषयी कोठे काही उद्धृत करायचे असेल, तर त्यांच्या संवादांऐवजी न्यायालयीन नोंदींचा आधार घ्यावा.