महापालिकेला माल सप्लाय करायचाय, टेंडर कसं भरायचं आणि छोट्या दुकानदाराला ते परवडतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की हाउसकीपिंगच्या मालाचं होलसेल दुकान आहे, आता शहरातल्या महापालिकेला फिनेल, ब्लिचिंग पावडर, झाडू, गमबूट वगैरे द्यायचं डोक्यात आहे, तर ओळख लागते का, पैसे किती अडकतात आणि सुरुवात कुठनं करायची. मी याच धंद्यात आहे, आमच्या बाजूच्या महापालिका आणि काही नगरपरिषदांना माल देतो, म्हणून रोज जे बघतो तेच लिहितो. रस्ते-गटारीच्या कामांचं टेंडर हे वेगळंच प्रकरण आहे, त्यात मी नाही, त्यामुळे त्यातलं काही सांगत बसत नाही.

ओळखीचं नंतर बोलू. पैशाचं आधी सांगतो कारण खरी गोम तिथेच आहे. महापालिकेला माल विकणं म्हणजे उधारीवर विकणं, आणि ती उधारी कधी फिटेल हे तुम्ही ठरवत नाही. गिऱ्हाईक बुडवणारं नाही, पैसे येतात, पण त्यांच्या सवडीनं येतात. त्यामुळे नवीन माणूस टेंडर न मिळाल्यामुळे सहसा बुडत नाही, मिळाल्यामुळे बुडतो.

नोंदणीचं काम सोपं आहे. महाटेंडर्स, म्हणजे राज्य सरकारच्या ई-टेंडर पोर्टलवर नाव नोंदवायचं, क्लास ३ डिजिटल सिग्नेचर काढायची (सही आणि एन्क्रिप्शन दोन्हीवाली, ती पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये मिळते), आणि ती आपल्या लॉगिनला जोडायची. टोकन आपल्याच कपाटात ठेवा. बरेच जण ते सायबर कॅफेवाल्याकडे नाहीतर "टेंडर भरून देणाऱ्या" एजंटकडे ठेवून मोकळे होतात, पासवर्डसकट. अहो, ती तुमची सही आहे, कोऱ्या चेकवर सह्या करून कुणाच्या हातात देता का? जेम, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन खरेदीच्या पोर्टलवर पण विक्रेता म्हणून नोंदणी करून ठेवा, काही महापालिका ठराविक वस्तू तिथून घेतात. आणि उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा जीआर, म्हणजे खरेदीची नियमपुस्तिका, नेटवर मिळते ती एकदा चाळा, कारण टेंडरमधल्या बऱ्याच अटी तिथूनच उचललेल्या असतात आणि मग क्लार्क काय बोलतोय ते कळायला लागतं.

सुरुवात मात्र टेंडरने करूच नका. ठराविक रकमेच्या आतली खरेदी महापालिका तीन कोटेशन मागवून करते (ही मर्यादा शासन मधून मधून बदलतं, आत्ताची किती ते भांडार विभागातच विचारा), आणि क्षेत्रीय कार्यालयं, दवाखाने, अग्निशमन यांना असला छोटा माल वर्षभर लागतच असतो. तिथे आपलं दरपत्रक देऊन ठेवायचं. दोन-चार छोट्या ऑर्डरी नीट पोचवल्या की पुरवठा समाधानकारक केल्याचा दाखला मागून घ्यायचा. मोठ्या टेंडरमध्ये अनुभवाची अट असते तिथे हाच कागद चालतो, आणि बाहेरच्या कुणाच्या लेटरहेडपेक्षा सरकारी शिक्क्याचा दाखला कधीही भारी. फक्त एक सांगतो, कुणी म्हटलं की "तुम्हीच तीन दुकानांची तीन कोटेशनं घेऊन या" तर हात जोडायचे. ऑडिटला तेच पहिलं सापडतं, आणि अडकतो तो कोटेशन आणून देणारा.

आता टेंडर. लिफाफे दोन असतात, पहिला तांत्रिक म्हणजे कागदपत्रांचा आणि दुसरा दरांचा. मुंबईत ए, बी, सी अशी तीन पाकिटं असतात, तत्त्व तेच. पहिल्यात नापास झालात की तुमचा दर कोणी उघडून पण बघत नाही, आणि माझ्या बघण्यात दर जास्त म्हणून हरणाऱ्यांपेक्षा पहिल्या लिफाफ्यातच उडणारे नवीन लोक जास्त. कारणं ऐकाल तर हसाल. सीएच्या उलाढालीच्या दाखल्यावर यूडीआयएन (सीएच्या दाखल्याचा ओळख नंबर) नाही. काळ्या यादीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र कोऱ्या कागदावर दिलं, स्टॅम्प पेपरवर मागितलेलं असताना. उत्पादक कंपनीचं अधिकारपत्र आहे पण त्यात टेंडरचा नंबर दुसराच. शॉप अॅक्टवर दुकानाचं नाव एक आणि जीएसटीवर दुसरं. शुद्धिपत्रक निघालं आणि ते डाउनलोड करून सही करून जोडायचं राहिलं. हे शेवटचं सगळ्यात वाईट, कारण शुद्धिपत्रकात कधी तारीख बदलते, कधी नमुना जमा करायचा पत्ता, आणि टेंडर भरून झालं म्हणून आपण पोर्टलकडे ढुंकून पण बघत नाही.

टेंडर वाचताना मालाचं वर्णन पेन घेऊन वाचा. गमबूट असतील तर आयएस ५५५७ लिहिलेलं असतं, म्हणजे बाजारातला स्वस्त बूट चालणार नाही, आयएसआय मार्कवालाच लागेल, आणि दोघांच्या भावात चांगलाच फरक आहे. कधी कधी वर्णन असं असतं की एका कंपनीचं ब्रोशर समोर ठेवून उतरवलंय हे कुणालाही कळावं, अगदी तळव्याची नक्षी आणि रंगाच्या छटेसकट. अशा वेळी चडफडत बसण्यापेक्षा निविदापूर्व बैठकीत लेखी पत्र द्यायचं, "किंवा समतुल्य" हे शब्द घाला म्हणून. लेखी दिलेल्याला उत्तर द्यावं लागतं. दरवेळी बदलतात असं नाही, पण पत्राची पोच आपल्याकडे राहते आणि पुढे भांडायची वेळ आली तर तीच कामाला येते.

बयाणा रक्कम, म्हणजे ज्याला सगळे ईएमडी म्हणतात, ती बऱ्याच वेळा ऑनलाइनच भरायची असते. एनईएफटीचं चलन काढलं तर निदान दोन दिवस आधी भरा, पैसे पोर्टलला दिसायला वेळ लागतो. उद्यम नोंदणीवाल्यांना (म्हणजे सरकारकडे छोटा उद्योग म्हणून नोंद असलेल्यांना) ईएमडी माफ असल्याचं तुम्ही ऐकलं असेल, पण तिथे नीट बघा, ती सवलत साधारण उत्पादकांना असते. तुम्ही आम्ही ट्रेडर. टेंडरमध्ये स्पष्ट लिहिलं नसेल तर माफी धरून चालू नका, भरून टाका, टेंडर नाही मिळालं तर परत येतेच.

दराची जी एक्सेल शीट मिळते, बीओक्यू, तिचं नाव बदलायचं नाही, नवीन शीट बनवायची नाही, आहे त्यातच ठरलेल्या रकान्यात आकडे टाकून तीच अपलोड करायची. दर जीएसटीसह मागितलाय की सोडून, ते दोनदा वाचा. सगळं अपलोड झाल्यावर शेवटी फ्रीझचं बटण असतं, ते दाबून पोच मिळाली तरच टेंडर भरलं असं समजायचं. शेवटच्या दिवशी दुपारी बसू नका, त्या दिवशी तुमची लाइट जाणार, टोकन ओळखणार नाही आणि पोर्टल गोल गोल फिरत राहणार.

आता दर काय भरायचा. दुकानातला होलसेलचा हिशोब इथे चालत नाही. समजा दहा लाखाचा माल आहे आणि तुमचा पैसा वर्षाला १२ टक्क्यांचा आहे, मग तो बँकेचा असो नाहीतर घरचा. महिन्याला १० हजार झाले. बिल सहा महिन्यांनी निघालं तर ६० हजार, म्हणजे ६ टक्के नुसते वाट बघण्यात गेले. त्यात सुरक्षा अनामत, म्हणजे ऑर्डर मिळाल्यावर ठेवायची रक्कम, अडकलेली, ती माल दिल्यावर लगेच मिळत नाही, हमीचा काळ संपल्यावर मिळते. आणि जीएसटीवाल्याला तुमच्या बिलाशी काही देणंघेणं नाही, तुम्ही इन्व्हॉइस फाडलं की दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत तो भरावाच लागतो, महापालिकेनं एक रुपया दिला नसला तरी. वरून अडीच लाखाच्या पुढच्या करारावर महापालिका २ टक्के जीएसटी टीडीएस कापते. तो तुमच्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात येतो, बुडत नाही, पण त्यासाठी त्यांनी रिटर्न भरावं लागतं आणि तुम्ही पोर्टलवर ते स्वीकारावं लागतं. बरेच दुकानदार ते स्वीकारतच नाहीत आणि सीएला पत्ता लागेपर्यंत वर्ष जातं.

आणखी एक, दराची वैधता. टेंडरमध्ये ९०, १२०, कधी १८० दिवस लिहिलेले असतात, तेवढे दिवस तुमचा दर बांधलेला. या काळात तांत्रिक छाननी, तुलनात्मक तक्ता, आयुक्तांची मान्यता, रक्कम मोठी असेल तर स्थायी समिती, हे सगळं होणार. मध्ये आचारसंहिता लागली की फाइल तिथल्या तिथे झोपली. तोपर्यंत कच्च्या मालाचा भाव वर गेला तरी तुम्ही त्याच दरात द्यायचं, नाही दिलं तर ईएमडी जप्त आणि वर काळ्या यादीची नोटीस. म्हणून उत्पादकाकडून आधीच तेवढ्या मुदतीचा लेखी दर घेऊन ठेवायचा, तोंडी नाही. एल वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, यायच्या नादात लोक दोन टक्क्यावर भरतात, मला ते गणित कधी कळलेलं नाही. वरच्या हिशोबात तुमचं बसत नसेल तर हरलेलं बरं, पुढच्या वर्षी परत टेंडर निघणारच आहे.

ऑर्डर मिळाल्यावरचं कुणी सांगत नाही ते सांगतो. माल भांडारात उतरवताना चलनावर तारीख, वेळ, नग आणि घेणाऱ्याची सही-शिक्का तिथल्या तिथे घ्यायचा, "साहेब आले की देतो" वर निघून यायचं नाही. मग साठा नोंदवहीत नोंद झाली का, तिचा पान नंबर काय, तो विचारून बिलावर टाकायचा. त्यानंतर नमुना तपासणीला जातो. ब्लिचिंग पावडरचं उदाहरण घ्या. ग्रेड १ म्हणजे ३४ टक्के क्लोरीन हवं. पोतं कारखान्यातून निघतं तेव्हा ते असतंही, पण क्लोरीन उडतं, उन्हात आणि दमट हवेत तर भराभर. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोडाऊनमध्ये महिनाभर पोती पडली आणि मग नमुना काढला तर लॅबचा रिपोर्ट फेल येणार, आणि तुम्ही कितीही सांगितलं की साहेब माल चांगला होता, तरी कागदावर तुमचा माल फेल. म्हणून ताज्या बॅचचा माल थेट कारखान्यातून भांडारात उतरवायचा, बॅच नंबरचं कारखान्याचं सर्टिफिकेट सोबत द्यायचं आणि नमुना उतरवतानाच, आपल्यासमोर, सील करून काढायला लावायचा. एकच नाही, दोन नमुने, एक राखीव. पहिला फेल झाला तर दुसरा तपासा म्हणता येतं.

मग बिलाची फाइल. भांडार, मग खातं, मग लेखा विभाग, काही ठिकाणी लेखापरीक्षण, परत लेखा, आणि शेवटी बजेटच्या त्या हेडला पैसे शिल्लक आहेत का हा प्रश्न. फेब्रुवारीत माल दिला आणि ३१ मार्चच्या आत बिल नाही निघालं तर पुढच्या वर्षाच्या बजेटवर गेलं म्हणून समजा. एका महापालिकेत (नाव घेत नाही) सफाई कामगारांच्या रेनकोटचं टेंडर मे महिन्यात निघालं, ऑर्डर ऑगस्टमध्ये हातात आली, आणि गणपतीनंतर कामगार कोरड्या रस्त्यावर नवे रेनकोट घेऊन उभे. बिल निघालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. दर आठवड्याला एकदा जाऊन फाइल कुठल्या टेबलावर आहे ते शांतपणे विचारायचं, त्रुटी असेल तर लेखी मागायची, आणि एकदाच सगळी पूर्ण करून द्यायची. एवढं केलं तरी बिल बऱ्यापैकी सरकतं.

कायद्यात ४५ दिवसांत पैसे द्यायची तरतूद आहे ना, असं कुणीतरी सांगेलच तुम्हाला. आहे, एमएसएमईडी म्हणजे छोट्या उद्योगांच्या कायद्यात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, आणि तक्रारीला सरकारचं ऑनलाइन पोर्टल. पण ते सूक्ष्म आणि लघु उत्पादक-सेवावाल्यांना. ट्रेडरला २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. तुम्ही फिनेल स्वतः बनवत असाल आणि तसं उद्यमवर असेल तर गोष्ट वेगळी, आणि खरं सांगायचं तर फिनेल बनवणं काही फार अवघड नाही, त्याचा विचार करा.

आता ओळख. पुरवठ्याच्या ई-टेंडरमध्ये दर उघडल्यावर पोर्टलवर सगळ्यांना दिसतात, त्यामुळे एल वनला नुसतं ओळखीवर बाजूला काढणं अवघड असतं. ओळखीचा खेळ आधी होतो, अटी लिहिताना, आणि नंतर होतो, बिल काढताना. टक्केवारी मागणारे भेटत नाहीत असं म्हणालो तर तुम्हीच हसाल. मी देत नाही, त्यामुळे माझी काही बिलं जास्त महिने पडून राहतात, आणि तो उशीर मी आधीच दरात धरलेला असतो, एवढंच माझं धोरण. फारच झालं तर लाचलुचपतवाल्यांचा १०६४ नंबर आहे.

पण दुसरी एक ऑफर नक्की येईल, त्यापासून लांब राहा. तीन टेंडर आली नाहीत तर मुदतवाढ द्यावी लागते म्हणून जुना सप्लायर तुम्हाला म्हणेल, "तुम्ही फक्त सपोर्टला भरा, दर मी सांगतो." भरणं फुकट, ईएमडी पण तोच भरणार. याला कायद्यात संगनमत म्हणतात. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या टेंडरांमध्ये हेच झालं होतं आणि २०१८ मध्ये स्पर्धा आयोगानं त्या कंपन्यांना दंड ठोकला. पुराव्यात एक गोष्ट अशी होती की वेगवेगळ्या कंपन्यांची टेंडरं एकाच आयपी अॅड्रेसवरून भरलेली. म्हणजे परत तेच, टोकन दुसऱ्याच्या कपाटात.

तुमची यादी बघता मी म्हणेन पहिलं वर्ष झाडू, हातमोजे, गमबूट यांच्या कोटेशनवर काढा. हा माल पडून राहिला तरी खराब होत नाही आणि ऑर्डर फिसकटली तर दुकानात खपतो. ब्लिचिंग पावडरला दुसऱ्या वर्षी हात घाला, तोपर्यंत भांडारातली माणसं आणि त्यांच्या कामाची पद्धत कळलेली असेल. आणि एका वेळी जेवढा पैसा आठ-नऊ महिने विसरून राहता येईल तेवढ्याच रकमेचं टेंडर भरा. अनामतीची एफडी आयुक्तांच्या नावे तारण असते, तिची सुटायची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा, मागितल्याशिवाय ती कुणी परत करत नाही.