प्राचीन ग्रीकमध्ये विधवेला काय म्हणत? आपल्या 'विधवा'शी त्या शब्दाचं नातं आहे का?

शब्द आहे 'खेरा'. 'ख' आपल्यासारखाच महाप्राण, 'खे' जरा लांबवायचा. ग्रीक महाकवी होमरच्या बोलीत त्याचं 'खेरे' होतं.

नात्याबद्दल विचाराल तर नाही. संस्कृत 'विधवा', लॅटिन 'विदुआ', रशियन 'व्दोवा', इंग्रजी 'विडो' ही एका घराण्यातली भावंडं. (वि + धव, म्हणजे नवरा नसलेली, ही फोड मागाहून बसवलेली आहे, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.) 'खेरा' आला तो सोडणं, रिकामं होणं या अर्थाच्या धातूवरून. आपल्याकडचे 'जहाति' आणि 'हीन' त्याच धातूचे. म्हणूनच हा शब्द नवरा-बायकोच्या पलीकडेही सहज जातो.

ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या 'इलियड' या महाकाव्यात, सहाव्या सर्गात, आंद्रोमाखे आपल्या नवऱ्याला, ट्रॉयच्या हेक्टरला, लढाईवर जाण्यापासून अडवते. तिचा बाप आणि सात भाऊ ग्रीक योद्धा अखिलीसने मारलेले, आईही गेलेली. ती म्हणते, मी लवकरच 'खेरे सेउ' होणार. 'सेउ' म्हणजे 'तुझी' आणि 'तुझ्यावाचून' दोन्ही. तुझी विधवा म्हणा, नाहीतर तुझ्यावाचून रिती म्हणा, ग्रीकमध्ये एकच. मराठीत आणताना यातलं एक सोडावंच लागतं.

पाचव्या सर्गातले दोन वापर तर मला याहून भारी वाटतात. एके ठिकाणी ग्रीक वीर हेराक्लीसने ट्रॉय लुटून तिथले रस्ते 'विधवा केले' असं म्हटलंय. दुसरीकडे फाइनोप्स नावाच्या म्हाताऱ्याचे दोन्ही मुलगे ग्रीक योद्धा दिओमिदीस मारतो. वारस उरत नाही, आणि इस्टेट वाटून घेतात ते 'खेरोस्ताइ', म्हणजे रित्या पडलेल्या घराचे लांबचे भाऊबंद. एका ओळीत सगळी भाऊबंदकी! लॅटिनमधला 'हेरेस', म्हणजे वारस, हाही याच धातूचा मानतात.

अथेन्समध्ये खेरा ही कायद्याची बाब होती. मुलगे असतील तर तिला नवऱ्याच्या घरी राहता येई. नवरा गेला तेव्हा गरोदर असेल तर आर्खोन हा अधिकारी तिच्यावर लक्ष ठेवी. नाहीतर हुंडा घेऊन माहेरी, आणि बहुधा दुसरं लग्न. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. कधी नवराच मरताना सोय लावून जाई. वक्ता दिमोस्थेनीस सात वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी बायकोचं लग्न आपल्या भाच्याशी, अफोबसशी, ठरवलं, वर 80 मिना (तेव्हाचं चलन) हुंडा. अफोबसने हुंडा घेतला, लग्न काही केलं नाही. मुलगा मोठा होऊन कोर्टात उभा राहिला, तो खटला आजही वाचायला मिळतो.

ख्रिस्ती काळात शब्दाला आणखी एक वळण मिळालं. बायबलच्या नव्या करारातल्या 'तीमथ्याला पहिले पत्र' यात मंडळीच्या (म्हणजे ख्रिस्ती समाजाच्या) यादीत विधवेचं नाव घालायला वयाची अट आहे, किमान 60, आणि 'खरोखरच्या' विधवांना मान द्या असंही बजावलंय. म्हणजे खेरा आता मंडळीतला एक मान्य दर्जा होत चालला होता. इतका, की दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बिशप इग्नेशियस एका पत्रात 'विधवा म्हटल्या जाणाऱ्या कुमारिकां'ना नमस्कार कळवतो.

तीमथ्याला लिहिलेलं ते पत्र मूळ ग्रीकमधून मराठीत आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई होत्या. 1882 मध्ये त्या स्वतः विधवा झाल्या, 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, आणि बायबलच्या भाषांतरासाठी हिब्रू-ग्रीक शिकल्या. 'खेरा' वाचताना त्यांना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आजच्या ग्रीकमध्येही शब्द जिवंत आहे, उच्चार मात्र 'हीरा'च्या जवळ गेलाय. तिथे रिकाम्या सरकारी पदाला अजूनही 'विधवा झालेलं पद' म्हणतात. बिशप वारला, की त्याच्या धर्मप्रांतालाही तेच क्रियापद.